गौरीच्या पाठीएवढं पाणी

१९ ऑगस्ट

पाणी उतरलं म्हणून आज राजारामपुरीतून, मावसबहिणीकडून, घरी आले. रिक्षावाल्यानं गल्लीच्या तोंडाशीच सोडलं. "मावशी, फुडं गाळ हाय. चाक रुतलं तर मलाच ढकलाय लागंल तुमच्यासकट."

आमच्या घरात थेंब नाही. पाणी तिसऱ्या पायरीला टेकलं आणि मागे फिरलं. चौथ्या पायरीवर उन्हात एक बेडूक बसला होता, घरमालकासारखा. हे सगळं आण्णांमुळं, माझ्या मिस्टरांमुळं. दोन हजार एकोणीसच्या पुरात भांडीकुंडी, पुस्तकं, माझ्या लग्नाचा शालू, सगळं गेलं. तेव्हा त्यांनी हट्टच धरला: जोतं उचलायचं. आतली जमीन दोन फूट भरून घेतली. भिंती त्याच, दार तेच. दार मूळचं सात फुटी होतं म्हणून निभावलं. तरी येणारा प्रत्येक माणूस चौकटीला डोकं आपटूनच आत येतो. मी बुटकी, मला लागत नाही. आण्णा म्हणायचे, "शांता, हे घर तुझ्या मापानं शिवलंय."

काम संपायच्या आधीच ते गेले. फरशी झाली होती, गिलावा राहिला होता.

समोर, उताराला, बायडाबाईच्या गोठ्याची मागची भिंत पडली आणि तिच्याबरोबर निम्मं घरही. पण गौरी आणि चंद्री दोन्ही म्हशी सलामत आहेत. पाच दिवस ती त्यांना घेऊन चढावरच्या शाळेच्या पटांगणात राहिली होती. मला बघून लांबूनच ओरडली, "टीचर! आलासा? दूध हाय, भांडं घिऊन या. पाणी न्हाय घातल्यालं. पाणी लई झालं औंदा!"

कॉन्व्हेंटात सिस्टर क्लेअर आम्हांला सांगायच्या, दिवस लिहून ठेवला नाही तर तो देवाकडे परत जातो. म्हणून लिहिते आहे.

२३ ऑगस्ट

चार दिवस नुसता गाळ. आज पहिल्यांदा भिंतीपाशी निवांत उभी राहिले.

बाहेरच्या खोलीत आण्णांची खूण आहे. एकोणीस साली आम्ही परतलो तेव्हा भिंतीवर गाळाची सरळ ओळ उमटली होती. आण्णांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि म्हणाले, "बघ, बरोबर तुझ्या ओठांला. वर दोन बोटं नाक." मग तिथं रेघ मारून तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'शांताचे ओठ'. मी रागावले होते. लोक आत येतात, वाचतात! ते हसत राहिले. शिरोलीला फौंड्रीत पस्तीस वर्षं पॅटर्नमेकर होते, ओतकामाचे लाकडी साचे करायचे. सुताचा फरक पडला तर सगळं कास्टिंग बाद, असं ते काम. त्यांची रेघ कधी चुकली नाही.

ते गेल्यावर मल्लेश गवंडी गिलावा करायला आला आणि ती रेघ झाकली जाणार हे माझ्या ध्यानात आलं. मी त्याला थांबवलं नाही, थांबवण्याइतकं बळच नव्हतं. गिलावा वाळल्यावर मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, ओठांपाशी पेन्सिल धरली आणि रेघ पुन्हा काढली. अक्षर माझं आहे, चार रेघी वहीतलं, कॉन्व्हेंटचं. पण जागा तीच. ओठ काही चुकत नाहीत.

रोज दिवेलागणीला मी तिथं क्षणभर उभी राहते. हे कुणाला सांगितलेलं नाही.

७ सप्टेंबर

तालमीत गल्लीची बैठक झाली. अध्यक्ष सयाजी. हा मुलगा माझ्या हातून एबीसीडी शिकला आणि आता पन्नाशीला आला. आवाज असा, की माईक लाजावा.

पालिकेचं म्हणणं त्यानं समजावून सांगितलं. नदीकाठच्या प्रत्येक गल्लीत नव्यानं निळी रेषा आखणार, तीही सगळ्यांत मोठ्या पुराच्या, म्हणजे एकोणीसच्या पाण्यावरून. ज्या घराच्या जागेवर तेव्हा सात फुटांहून जास्त पाणी होतं, ते रेषेच्या आत. रेषेच्या बाहेर ज्याचं घर त्याला पडलेलं बांधायला परवानगी आणि मदत. आत ज्याचं त्याला पुन्हा वीटही लावता येणार नाही. त्यानं शहराबाहेर माळावरच्या नव्या इमारतीत खोली घ्यायची.

"खोलीत म्हशी चालत्यात काय?" बायडाबाईनं विचारलं.

"चौथ्या मजल्यावर? लिफ्टनं न्हेणार व्हय म्हस?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तीही हसली. मग म्हणाली, "न्हाय, मी आपलं इचारलं. मला भिंत बांधायची हाय. मी कुठं जातो?"

ती 'मी जातो' म्हणते. इथल्या बायका असंच बोलतात. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही असं बोललो की हातावर पट्टी बसायची. आज का कोण जाणे, ते कानाला गोड लागलं.

अडचण अशी की गल्लीत एकोणीसची खूणच उरलेली नाही. तालमीच्या भिंतीवर होती, पण त्यावर मंडळानं पैलवानाचं चित्र रंगवलं. "पाणी पैलवानाच्या लंगोटापतोर हुतं," सयाजी म्हणाला. "न्हाय, छातीला," दुसरा म्हणाला. त्यावर अर्धा तास भांडण झालं. मला त्यांची कीव आली. लिहून ठेवत नाहीत आणि मग भांडतात.

मी हात वर केला. म्हटलं, "माझ्या घरी खूण आहे. तारखेसकट."

१२ सप्टेंबर

सर्व्हेचा इंजिनिअर आला. राजवीर नाव, तरणा, फार शालीन. आत येताना ठाण्णकन डोकं आपटलं. मी हळद लावायला धावले, तर म्हणाला, "असू दे हो काकू, सवय आहे. जुनी घरं अशीच ठेंगणी."

त्यानं खूण बघितली आणि हरखला. "अख्ख्या पट्ट्यात लिहिलेली, तारखेची ही एकच खूण. बाकी सगळे 'कमरेएवढं, गळ्याएवढं' करतात." मग तीन पायांच्या तिकाटण्यावर मोजणीची दुर्बीण लावली. एकानं तालमीच्या पायरीवर पट्टी धरली, दुसऱ्यानं आत येऊन रेघेला, आणि आकडे लिहून घेतले. 'शांताचे ओठ' वाचून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. संस्कार असतात एकेकावर.

मी त्याला आण्णांविषयी सांगितलं, सुताच्या फरकाविषयी. "मग तर प्रश्नच मिटला," तो म्हणाला.

खूप दिवसांनी कुणीतरी आण्णांच्या कामाची किंमत केली. संध्याकाळी गोड सांजा केला. एक वाटी बायडाबाईला दिली. तिनं विचारलं, "इंजेनेराला दाखवलासा व्हय भिंतीवरलं? ते वरचं?"

"तेच. दुसरं कुठलं असणार?"

तिनं एक घास तोंडात टाकला. म्हणाली, "सांजा झ्याक झालाय."

५ ऑक्टोबर

तालमीच्या फळ्यावर यादी लागली. उताराकडची अकरा घरं निळ्या रेषेच्या आत, आणि त्यांत सगळ्यांत वरचं, रेषेला अगदी चिकटून, बायडाबाईचं. माझं बाहेर.

मी बाजारातून येताना कट्ट्यावरच्या बायका गप्प झाल्या. पुढे गेले तशी पाठीमागून एक म्हणाली, मला ऐकू यावं अशी, "बरं हाय की! सोताचं घर वाचलं, आन दुसऱ्याचं बुडवाय रेघ हाय!"

मी मागे वळले नाही. घरी येऊन दार लावून घेतलं. मी काय केलं? जे खरं ते दाखवलं. पाणी तिथपर्यंत आलं होतं तर ते मी खाली कसं आणू? उद्या परत पूर आला, त्या अकरा घरांत लेकरं झोपलेली असली, तर?

रक्षिताचा पुण्याहून फोन आला. म्हणाली, "आई, तू यात पडू नको. त्यांचं ते बघून घेतील." तिला गल्ली म्हणजे सुट्टीतलं घर. मला इथं येऊन अडतीस वर्षं झाली. पहिल्या दिवशी मी स्टोव्ह पेटवायला घाबरत होते, तर समोरची अनोळखी बाई येऊन चूल घालून गेली होती. ती बायडाबाई.

९ ऑक्टोबर

आज सुनावणी होती. सविस्तर लिहिते, कारण आजचा दिवस मला नीट कळला नाही.

तालमीच्या हॉलमध्ये पालिकेचे साहेब, राजवीर आणि सगळी गल्ली. सयाजी म्हणाला, "साहेब, पाणी इतकं न्हवतंच. ह्या रेघेनं बघाय गेलं तर पैलवानाच्या डोक्यावरनं पाणी गेलं पायजे."

साहेब म्हणाले, "पुरावा द्या. आठवण नको."

तेव्हा बायडाबाई उठली. पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "साहेब, एकोणीसला गल्लीत पयलं मी आलो. टीचर आन आण्णा यायच्या आदी त्यांच्या बाहेरच्या भितीचा गाळ खराट्यानं म्याच काढला. गौरी तितंच बांधल्याली. गाळ गौरीच्या पाठीएवढा हुता. पाठीच्या वर न्हाय. शिंगास्नी तर न्हाईच न्हाई."

साहेब हसले. "बाई, म्हशीवरनं मोजमाप होत नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसले असेन. हो, हसले. लिहायचं तर खरं लिहावं.

मग साहेबांनी मला विचारलं. मी उभी राहिले. म्हटलं, "बायडाबाई खोटं बोलत नाहीत. पण सहा वर्षांत आठवण खाली-वर होते. माझ्याकडे लिहिलेलं आहे. माझ्या मिस्टरांची रेघ आहे. त्यांच्या हाताखालून सुताची चूक कधी गेली नाही. ती रेघ कुणाला खोटी म्हणायची असेल, तर माझ्या तोंडावर म्हणा."

सयाजीसुद्धा खाली बघत होता. बायडाबाई अजून उभीच होती. म्हणाली, "टीचर, पर जोतं..." आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली. माझे डोळे भरले होते, आण्णांचं नाव घेतलं की भरतात. मग तिनं हात जोडले, साहेबांना की मला ते समजलं नाही, आणि खाली बसली.

"हरकत मागे?" साहेबांनी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "मागं."

मी जिंकले, पण जिंकल्यासारखं वाटत नाही. तिला पटलं म्हणून ती बसली, असंच ना?

१० ऑक्टोबर

दूध आलं. नेहमीसारखं भांडं काठोकाठ. ती मात्र दारात थांबली नाही.

१६ नोव्हेंबर

महिनाभर काही लिहिलं नाही. दिवाळी आली आणि गेली.

बायडाबाईनं माळावरच्या खोलीच्या कागदावर सही केली. म्हणजे अंगठा दिला. अकरा घरांत पहिला तिचा. मी विचारलं, इतकी घाई का? बाकीचे दहा अजून अडून बसलेत. ती म्हणाली, "पडक्या घरात म्हशी किती दिस ठिवू? थंडी आली. जायचंच हाय तर नीट जाऊ."

गौरी आणि चंद्री आज गेल्या. कागलकडचा एक शेतकरी टेम्पो घेऊन आला होता. चंद्री चढली. गौरी म्हातारी, तिनं पाय रोवले. चौघांनी ढकललं तरी हलेना. मग बायडाबाई टेम्पोत चढली, आतून नुसती म्हणाली, "ये गं," आणि गौरी चढली. बायडाबाई खाली उतरली, फळी लावली आणि टेम्पो गेला. ती रस्त्यात उभी राहून हाताला लागलेलं शेण बघत होती. पुसलं नाही.

मी खिडकीत बसून हे बघितलं. जमीन उचलल्यापासून खिडकी गुडघ्याशी आली आहे. खाली बसलं की तिचं अंगण सगळं दिसतं. मी खाली जायला हवं होतं. गेले नाही.

२ डिसेंबर

ती गेली. मी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मला रडू आवरेना. तीच मला म्हणाली, "टीचर, रडताय कशाला? मी काय मेलो काय? बस हाय की थेट."

मग घराकडे बघून म्हणाली, "तेवढी खुट्टी मात्र काढू नगासा म्हणावं." गौरीची खुट्टी माझ्या बाहेरच्या भिंतीलाच आहे, चौथ्या पायरीखाली निम्मी गाडली गेलेली. ती कोण काढणार?

आता दूध पिशवीचं. कापते, तापवते. साय धरत नाही.

१९ डिसेंबर

आज तिचं घर पाडलं. दोन तासही लागले नाहीत. चूल मधोमध तशीच उभी राहिली आणि मग तीही गेली.

संध्याकाळी खुणेपाशी उभी राहिले नाही. अशी पहिलीच वेळ.

११ जानेवारी

आजचं आजच लिहून काढते.

संक्रांतीच्या आधी पायऱ्यांना कठडा करून घ्यावा म्हणून मल्लेशला बोलावलं. तोच गवंडी, मूळचा सीमेकडचा, मला अक्का म्हणतो. आत येताना वाकला, डोकं आपटलं नाही. चहा पिता पिता भिंतीकडे बघत बसला आणि म्हणाला, "अक्का, ही रेघ नवी काय?"

"नवी कशी? एकोणीसची. आण्णांचीच. तू गिलावा केलास, मग मी पुन्हा काढली, त्याच जागी."

"त्या जागी कशी ओ?" तो उठला आणि आपल्या मांडीशी हात धरला. "ती तर हितं कुठंतर हुती. गिलाव्याच्या टायमाला मीच बगितली की. खाली वाकून थापी मारली न्हवं त्यावर. आण्णांनी खिळ्यानं वरखाडल्याली. जमीन दोन फूट वर आली, अक्का. रेघ कशी वर येईल? ती भितीत हाय."

तो हे फार सहज बोलला आणि बशीत चहा ओतला.

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. रेघ ओठांशी होती. आणि मग पायांखालची जमीन मला जाणवली. पहिल्यांदाच जाणवली. ही दोन फूट माती, मुरूम, फरशी. त्या वेळी मी या मातीवर उभी नव्हते, खाली होते. मी वर आले, माझे ओठ वर आले, आणि मी पाणीसुद्धा सोबत वर आणलं.

टेप आणायला सांगितली. गल्लीपासून माझी रेघ सहा फूट पाच इंच. दोन फूट वजा केले की चार फूट पाच इंच.

"म्हशीची पाठ किती उंच असते रे?" मी विचारलं.

"आसंल की साडेचार फूट. का ओ?"

१३ जानेवारी

बसनं माळावर गेले. इमारत पिवळी, नवी, पायऱ्यांचे कोपरे आत्ताच पान थुंकून लाल झालेले. चौथा मजला. मधे दोनदा बसले.

बायडाबाई दारातच होती, रिकाम्या हातांनी बसलेली. तिला अशी मी कधी बघितली नव्हती. तिच्या हातात कायम काहीतरी असायचं, दावं, घमेलं, खराटा. मला बघून धडपडत उठली. "अगं बाई! टीचर! च्या टाकतो. दूध पिशवीचं हाय बगा, माफ करा."

मी बसलेही नाही. म्हटलं, "बायडाबाई, खूण चुकीची होती. मी चुकवली. पाणी गौरीच्या पाठीएवढंच होतं."

ती चहाचं भांडं धुत होती. धुतच राहिली.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"कधीपास्नं म्हंजे? तुमच्या घरात मुरूम कुणी टाकला? मी आन माझ्या सुनंनं, तवा गल्लीत हुती ती. डोक्यावरनं पाट्या न्हेल्या, पंधरा दीस. आण्णा दारात खुर्ची टाकून बसायचं, धाप लागायची त्यास्नी. म्हणायचं, 'बायडाबाई, चांगली धुमस करा, माझी शांता चालणार हाय त्यावर.' दोन फूट चढलं ते काय मला दिसलं न्हाय?"

"मग बोलला का नाहीत? तालमीत, सगळ्यांसमोर..."

"बोलाय लागलो हुतो की." तिनं भांडं पालथं घातलं. "पर तुमी आण्णांचं नाव घेतलासा. म्हणलासा, खोटी म्हणायची तर माझ्या तोंडावर म्हणा. आता चार मानसांत, साहेबाफुडं, मी कशी म्हणू? विधवा बाईच्या हातात काय ऱ्हायलंय, एक रेघ. ती बी मी पुसू व्हय?"

"पण तुमचं घर गेलं! गौरी गेली!"

"घर पडल्यालंच हुतं," ती म्हणाली. आणि चहा गाळायला लागली.

चहा कडू झाला होता, साखर घालायची विसरली होती ती. आम्ही दोघींनी तो पिऊन टाकला.

१९ जानेवारी

पालिकेत अर्ज द्यायला गेले. मी लिहिलं होतं: 'सदर खूण मी माझ्या ओठांवरून काढली असून त्या वेळी जमीन दोन फूट उचललेली आहे हे माझ्या लक्षात आले नाही. चूक माझी आहे, माझ्या यजमानांची नाही.'

कारकुनानं चष्मा वर करून वाचलं. "मॅडम, ओठांवरून असं लिहिता येत नाही. मोजमापाचं साधन लिहा."

"साधन तेच होतं," मी म्हटलं.

त्यानं राजवीरला बोलावलं. राजवीरनं वाचलं आणि त्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला. "दार," तो पुटपुटला. "मला तेव्हाच कळायला हवं होतं." मग म्हणाला, "जुनी रेघ भिंतीत सापडली तर रेषा खाली येईल. बहुतेक सात घरं सुटतील, जी अजून उभी आहेत."

"आणि बायडाबाईंचं?"

"त्यांची जागा रेषेच्या बाहेर येईल, काकू."

जागा.

२७ जानेवारी

आज पंचनामा झाला. पंच म्हणून सयाजी, आणि माझ्या विनंतीवरून बायडाबाई. ती पहिल्या बसनं आली.

सयाजीनं माझ्याशी बोलायचं टाकलं होतं. आज आला, चौकटीला कपाळ आपटलं, "आयला!" म्हणाला, जीभ चावली. "टीचर, तुमच्याफुडं शिवी गेली." शाळेत असताना करायचा तसाच कान धरला. माझ्याच्यानं हसवेना.

मल्लेशनं छिन्नी घेतली. मी म्हटलं, हळू. त्यानं मांडीच्या उंचीवर गिलाव्याची खपली काढली, मग दुसरी. तिसऱ्या खपलीखाली ती होती. चुन्यात कोरलेली, सरळ, पट्टीशिवाय मारलेली तरी पट्टीसारखी. तारीख. आणि त्यांचं ते डावीकडे कललेलं अक्षर: 'शांताचे ओठ'.

त्यांची रेघ चुकली नव्हती. सुताचीसुद्धा नाही.

राजवीरनं आकडा घेतला. सयाजीनं सही केली. बायडाबाईनं भिंतीला तळवा लावला, असा सपाट, जनावराच्या अंगावर ठेवावा तसा, आणि म्हणाली, "हितंच. हितंच हुती गौरीची पाठ." यावेळी कुणी हसलं नाही. तिच्या अंगठ्याला शाई लावली.

सगळे बाहेर गेल्यावर मी खाली बसले. चॅपलमध्ये बसायचो तशी, गुडघे टेकून, टाचांवर. गुडघ्यांनी फार त्रास दिला. पण रेघ बरोबर ओठांशी आली. चुना गार होता.

किती वेळ गेला माहीत नाही. पाठीमागून आवाज आला, "उठ गं आता. पाय धरत्याल." अडतीस वर्षांत तिनं मला पहिल्यांदा 'गं' म्हटलं. काखेत हात घालून तिनंच मला उठवलं.

मी म्हटलं, "राहा आज. उद्या जा."

"न्हाय, बस हाय पाचची." तिनं खिडकीतून खाली आपल्या मोकळ्या जागेकडे एकदा बघितलं. तिथं आता कुणीतरी वाळू ओतली आहे. "बगू," ती म्हणाली. "तितं पाल ठोकून ऱ्हायाचं वय न्हाय आता. आन म्हशीबिगर काय करू मी जागा घिऊन?"

पदर सारखा करून ती निघाली. दारापाशी आली आणि न बघता, सवयीनं, वाकली.

या घरात जो तो डोकं आपटून येतो. तिचं कधी आपटलं नाही. पाच वर्षं रोज ती दूध घेऊन या दारातून वाकून आत आली, आणि ती का वाकते ते मी एकदाही बघितलं नाही.